रे म्हणतोय

मेथीची जुडी हातात होती तेव्हा राजेश अभ्यंकरनं ते वाक्य टाकलं, आणि इतक्या सहज टाकलं की मी मान डोलावून मोकळा झालो. मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या इंडियन ग्रोसरीत गुरुवारी संध्याकाळी ताजी भाजी येते, त्यामुळे गुरुवारी तिथं निम्मं पुणं आणि पाव नागपूर भेटतं. राजेश आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या पालकांच्या कमिटीचा प्रमुख. त्याची मुलगी आश्लेषा आमची गोलकीपर. कोथिंबीर निवडता निवडता तो म्हणाला, "रे या सीझननंतर कोचिंग थांबवतोय, कळलं ना? रविवारी मीटिंग ठेवलीय. दुसरा कुणीतरी ब्रिटिश कोच बघायला हवा यार. शनिवारची ट्रॉयची मॅच झाली की लगेच सर्च सुरू करू. आणि तू आहेसच की मदतीला." मी "हो ना" म्हणालो. मेथीच्या मुळांचं पाणी मनगटावरून बाहीत उतरलं आणि मला एवढंच कळलं की थंड लागतंय. राजेशनं माझ्या पाठीवर थाप मारली. मग तो पनीरच्या फ्रीजकडे गेला.

पार्किंगमध्ये गाडी सुरू करून मी बसून राहिलो. मदतीला. शब्द काही वाईट नाही. लग्नात वाढप्यांना म्हणतात, शेजारणीला पापड लाटताना म्हणतात. पण माझ्या छातीत काहीतरी सरकलं, गाडीच्या डिकीत सैल सुटलेला नारळ वळणावर सरकतो तसं. काय आहे, कोल्हापूरच्या माणसाला आत्मविश्वास कमी पडतोय अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. मी देवदत्त सरनोबत, वय शेहेचाळीस, दिवसा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो, आणि संध्याकाळी चौदा-पंधरा वर्षांच्या अठरा मुलींना असिस्टंट कोच म्हणून फुटबॉल शिकवतो. सात वर्षं झाली. आधी माझी मुलगी चैत्राली या टीममध्ये होती म्हणून जायचो. ती मोठी झाली, कॉलेजला गेली, मी मात्र तिथंच राहिलो. लोकांना वाटतं हौस आहे. हौस नाही. मला हे काम येतं, चांगलं येतं, आणि हे मला माहीत आहे. फक्त ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि त्याला जबाबदार मी स्वतःच आहे, हे त्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

झालं असं की मार्चमध्ये रेच्या घशाचं ऑपरेशन झालं. रे थॅकली, आमचा हेड कोच, वय चौसष्ट, जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावात. बावीस वर्षं तो मिशिगनमध्ये मुलामुलींना शिकवतोय. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण आवाज गेला तो गेला. डॉक्टरांनी सांगितलं, कुजबुजण्यापलीकडे बोलायचं नाही, आणि यापुढे बहुधा एवढंच मिळेल. आता रे म्हणजे काय होता? आवाज होता. दोन मैदानं पलीकडे ऐकू जाणारा, खरखरीत, ब्रिटिश. आपल्या लोकांना त्या आवाजाचं फार. "आमच्या मुलीचा कोच इंग्लंडमध्ये प्रोफेशनल खेळलेला आहे" हे वाक्य मी डझनभर दिवाळी पार्ट्यांत ऐकलं आहे, आणि सांगणारा रेच्या उच्चारांची नक्कलही करून दाखवायचा. तो आवाज एका सकाळी बंद झाला. पहिल्या मॅचच्या हाफ टाइमला मुली गोल करून उभ्या राहिल्या, रेनं तोंड उघडलं, बाहेर आली फक्त हवा. मुलींचे चेहरे पडले. त्यानं मला खूण करून जवळ बोलावलं आणि माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं. खोकल्याच्या गोळीचा तिखट, थंड वास आला. तो कुजबुजला, "डेव, फ्लास्कमध्ये चहा आहे का बघ."

मी सरळ झालो. अठरा मुली माझ्याकडे बघत होत्या. पलीकडच्या कडेला पालक खुर्च्यांतून माना उंचावून बघत होते. आणि मी म्हणालो, "रे म्हणतोय, मॅडीनं डावीकडून मध्ये यायचं." रे असलं काही म्हणाला नव्हता. मॅडी ही आमची सगळ्यात गप्प मुलगी, तिला मध्ये आणावं असं मला गेले सहा महिने वाटत होतं. रेनं भुवई उंचावली, मग मान हलवली, आणि स्वतःच जाऊन फ्लास्क उघडला. आम्ही ती मॅच तीन-एकनं जिंकलो. मग दुसरी, मग तिसरी. दर हाफ टाइमला तोच कान, तोच वास, आणि माझ्या तोंडून तेच दोन शब्द. कानात तो काय सांगायचा? आज गवत जरा जास्तच कापलंय. रेफरी माझ्या मेहुण्यासारखा दिसतो. एकदा म्हणाला, मॉरीनला असली हवा आवडायची. मॉरीन त्याची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. मी मुलींकडे वळून म्हणालो, "रे म्हणतोय, बॅकलाइन दहा पावलं पुढं." सहा मॅचेसपैकी चार जिंकलो, एक ड्रॉ. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजेशनं लिहिलं, तोंड बंद असूनही काय डोकं चालतं या माणसाचं, यालाच प्रोफेशनल म्हणतात. खाली बावीस जणांचे टाळ्यांचे हात. त्यातला एक माझा होता.

ही खोड मला कुठं लागली ते मला नीट ठाऊक आहे. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलची टीम क्लबची नसते, तालमीची असते. जिथं पैलवान लाल मातीत घुमतात त्याच तालमीची पोरं संध्याकाळी बूट घालून मैदानात उतरतात, आणि पेठेपेठेची खुन्नस अशी की फायनलला दुकानं बंद. मी मिडफिल्डला खेळायचो. आमच्या टीमचे सर्वेसर्वा हिंदुराव वस्ताद. कुस्तीतले नामांकित, पण फुटबॉल त्यांना ओ की ठो कळत नव्हता. लाकडी खुर्चीत बसायचे, फेटा मांडीवर, आणि मॅचभर एक शब्द बोलायचे नाहीत. वस्तादांच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप? हाफ टाइमला मी त्यांच्यापाशी जाऊन वाकायचो, ते म्हणायचे, "बुटाच्या नाड्या घट्ट बांधा म्हणावं," आणि मी पोरांत परत येऊन सांगायचो, "वस्ताद म्हणतात, त्यांचा उजवा बॅक दमलाय, सगळे बॉल तिकडनं." मी तेव्हा बावीसचा. टीममध्ये माझ्यापेक्षा दांडगे, मोठे सहा जण. देवा सरनोबतचं कोण ऐकणार? वस्तादांचं नाव घेतलं की सगळे निमूट पळायचे. दोन वर्षं आम्ही पेठेला ट्रॉफी आणली. पंधरा हजार माणसांसमोर खेळलोय मी. धूळ एवढी की लाळ लाल व्हायची. मग वस्तादांनी वय झालं म्हणून सोडलं, त्यांचा सत्कार झाला, आणि त्या सत्कारात मी भाषण केलं. वस्तादांची नजर, वस्तादांचे डावपेच, असं वीस मिनिटं. लोक रडले. मीही रडलो. पुढच्या आठवड्यात तालमीनं गोव्याहून एक कोच आणला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि का विचारावं? माझं त्यात काय होतं? मी पुण्याला नोकरी धरली, तिथून इकडे आलो, आणि गोव्याच्या त्या कोचला मनातल्या मनात वीस वर्षं शिव्या दिल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता, कोण जाणे.

घरी शैलजानं मेथी बघितली आणि म्हणाली, "दोन जुड्या? आपण दोघंच तर आहोत." शैलजा नागपूरची, रोखठोक. मी तिला राजेशचं सांगितलं. ती पानं खुडत ऐकत होती. म्हणाली, "मग तू काय म्हणालास?" मी म्हणालो, "हो ना." तिचे हात थांबले. "हो ना? सहा आठवडे घरी येऊन मला सांगतोस, आज मी असं केलं, मी तसं फिरवलं. इथं माझ्यापुढं मी, मी, मी. तिथं रे म्हणतोय. मला कोच म्हणून घ्या असं तूच नाही म्हणणार तर काय मी जाऊन सांगू?" मी म्हणालो, तसं नसतं, रे मोठा माणूस आहे, त्याचा आवाज गेलाय, त्याच्याकडून अजून काय काढून घ्यायचं. शैलजा म्हणाली, "ही तुझी नम्रता नाही, देव. ही तुझी सोय आहे. हरलात ती एक मॅच रे हरला." हे मात्र लागलं. मी म्हणालो, एकच तर हरलो. ती हसली. पण शुक्रवारचा अख्खा दिवस मी ऑफिसात ब्रेकच्या ड्रॉइंगकडे बघत होतो आणि डोळ्यांपुढं चौदा वर्षांच्या मुली इकडून तिकडे पळत होत्या. ही टीम मला हवी होती. प्रमोशन हवं असतं तसं नव्हे. भूक लागल्यावर जेवण हवं असतं तसं. मॅडी अजून डाव्या पायानं मारायला भिते, ते मला काढायचं होतं. आश्लेषाला बॉल हातात आल्यावर कुठं फेकायचा ते एक सेकंद आधी दिसतं, ही असली नजर शिकवून येत नाही, आणि ती कुणा नव्या माणसाच्या हातात पडून वाया गेलेली मला बघायची नव्हती. रविवारी मीटिंग होती. मी तिथं उभा राहून म्हणणार होतो तरी काय? सहा आठवडे मी खोटं बोललो, असं?

शनिवारी सकाळी मी रेला घेऊन ट्रॉयला निघालो. ऑपरेशनपासून मीच त्याला नेतो. तो डाव्या बाजूनं बसायला जातो, तिथं स्टिअरिंग बघून थांबतो आणि फिरून उजवीकडे येतो. बावीस वर्षं झाली या देशात, तरी. मांडीवर फ्लास्क, मागच्या सीटवर त्याची हिरवी घडीची खुर्ची. हायवेला लागलो आणि त्यानं फोन काढून माझ्यापुढं धरला, मग लक्षात आलं की मी ड्राइव्ह करतोय, तेव्हा माझ्या बाजूला झुकून कुजबुजला, "राजेशचा मेल आला होता. इंग्लंडमधला कुणी माहीत आहे का म्हणून विचारतोय." मी म्हणालो, "मग?" तो म्हणाला, "लिहिलं मी. एक माणूस आहे माझ्या माहितीत." बस. पुढं काही नाही. मी ओव्हरटेक करायला लेन बदलली, गरज नव्हती तरी. कोण माणूस, हे विचारायला जीभ उचलत नव्हती. माझ्या कानाशी सहा आठवडे तोंड लावणारा हा म्हातारा, याला माझं नाव सुचलं नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, सुचायला तू ते कधी पुढं केलंस का? रे खिडकीतून बाहेर बघत गोळी चघळत होता. गाडीत तोच थंड वास भरला होता, आणि मला तो पहिल्यांदाच नकोसा झाला.

रेची सगळी कारकीर्द मला पाठ आहे. पंधराव्या वर्षी क्लबात शिकाऊ म्हणून लागला, पहिलं वर्ष मोठ्या खेळाडूंचे बूट घासण्यात गेलं. उंच होता म्हणून डिफेन्सच्या मध्यभागी उभा केला. चौथ्या डिव्हिजनमध्ये दोनशे बारा मॅचेस, चार गोल, चारही डोक्यानं, आणि त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात, तोही तो मोजतो. प्रेक्षक जास्तीत जास्त चार हजार, तेही पावसात भिजत त्यालाच शिव्या घालणारे. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग कोच, मग एका छोट्या गावाच्या क्लबाचा मॅनेजर. तेरा महिने. त्या तेरा महिन्यांत क्लब वरच्या डिव्हिजनला चढला, आणि पुढच्या सहा मॅचेस हरल्याबरोबर त्याला काढलं. बसमध्ये समोरच्या माणसाच्या हातातल्या पेपरात त्यानं स्वतःची बातमी वाचली. मग गालिच्यांच्या दुकानात नोकरी. मग बेचाळिसाव्या वर्षी मिशिगनच्या एका समर कॅम्पला महिनाभरासाठी म्हणून आला. इथं त्यानं तोंड उघडलं आणि लोक गप्प बसून ऐकायला लागले. तोच मला एकदा म्हणाला होता, आवाज असतानाची गोष्ट, "डेव, माझ्या गावात हे उच्चार ऐकून दुकानदार माझ्यावर नजर ठेवायचा. इथं त्यावर माझं घर चाललं." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तो मॅनेजरकीचा तेरा महिन्यांचा भाग मात्र तो नेहमी भरभर सांगून पुढं जायचा.

त्या शनिवारी तो त्या भागावर थांबला. ट्रॉयचा एक्झिट यायच्या जरा आधी त्यानं माझ्या दंडाला हात लावला. "लेन नावाचा एक होता," तो कुजबुजला, आणि टायरच्या आवाजात मला कान तिकडे न्यावा लागला. "माझा असिस्टंट. दिवसा बस चालवायचा. ती टीम मी वर नेली नाही. लेननं नेली. सगळं त्याचं डोकं, मी फक्त ओरडायचो. फोटो माझे आले. मी कधी म्हणालो नाही की लेनचं आहे, आणि तोही कधी म्हणाला नाही. भला माणूस. मला काढलं तेव्हा त्यालाही काढलं, कारण तो कोण, हे कुणाला ठाऊक होतं? त्यानं मला परत फोन केला नाही. मी पण नाही केला." एवढं बोलून त्याला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं फ्लास्कच्या झाकणात चहा ओतून हळूहळू घेतला. मी विचारलं, "लेन आता कुठं आहे?" त्यानं खांदे उडवले. मला काहीतरी बोलायचं होतं, पण एक्झिट आला, सिग्नल लागला, आणि मग मैदानाच्या पार्किंगमध्ये मुली बॅगा घेऊन उभ्या होत्या.

इकडे मुलांच्या मॅचेसमध्ये पद्धत अशी: टीम आणि कोच मैदानाच्या एका कडेला, पालक बरोबर समोरच्या कडेला. पालकांच्या बाजूनं कोचिंग करायला बंदी. रेफरी तिकडे जाऊन आईबापांना दटावतोसुद्धा. त्यामुळे पालकांना आम्ही नेहमी लांबून दिसतो, एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस आणि त्याच्या तोंडापाशी कान नेणारा एक काळासावळा बुटका. पहिला हाफ वाईट गेला. ट्रॉयची नऊ नंबरची मुलगी ताडमाड उंच, प्रत्येक उंच बॉल तिच्याच डोक्यावर. आमच्या दोघी तिघी तिच्याबरोबर उडी मारायच्या आणि सगळ्याच खाली पडायच्या. बाविसाव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला. मी कडेला उभा राहून बघत होतो आणि माझ्या पायांना हे ओळखीचं वाटत होतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची उन्हाळ्यातली जमीन, टणक, बॉल माणसाच्या डोक्यावरून उसळायचा. आम्ही बुटके. तेव्हा आम्ही उडीच मारायचो नाही. दुसऱ्याला उडू द्यायचं, बॉल त्याच्या डोक्याला लागून कुठं पडणार ते ओळखायचं आणि तिथं आधी जाऊन उभं राहायचं. सोपं आहे. फक्त बॉलकडे न बघता माणसाच्या मानेकडे बघावं लागतं. हे कुणी शिकवलं नव्हतं मला. वस्तादांनी तर नाहीच. हे माझं होतं.

हाफ टाइमची शिट्टी झाली. मुली आल्या, बाटल्या उघडल्या, गोल करून उभ्या राहिल्या. मी सवयीनं डावा कान पुढं करून मागं वळलो, आणि मागं कुणी नव्हतं. रे उठला होता. त्यानं खुर्चीची घडी घातली होती, ती बगलेत मारली होती, फ्लास्क हातात, आणि तो मैदानाच्या मधून चालत निघाला होता. गुडघ्यामुळे तो जरा झुलत चालतो. सेंटर सर्कल ओलांडलं. रेफरी बघत राहिला. पालक बघत राहिले. पलीकडे जाऊन त्यानं राजेशच्या खुर्चीशेजारी आपली हिरवी खुर्ची उघडली, बसला, आणि पाय लांब केले. डाव्या कानाला वारा लागत होता, नुसता वारा. मी मुलींकडे वळलो, तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "रे म्हणतोय."

आश्लेषानं ग्लोव्ह्ज काखेत धरले होते. ती शांतपणे म्हणाली, "कोच, रे इज ओव्हर देअर." कुणी हसलं नाही. मी म्हणालो, हो, दिसतंय मला. मग मॅडी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "वी नो, कोच. ही जस्ट आस्क्स फॉर टी." अठराही माना हलल्या. सहा आठवडे. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, मुलींचे कान, त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि एकीनंही घरी जाऊन सांगितलं नव्हतं. त्यांना ते माझं आणि रेचं खासगी वाटलं असणार. मला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली एक गंमत वाटली, की अरे, या पोरी तर सहा आठवडे माझंच ऐकून पळत होत्या. रेचं नाव घेतलं नसतं तरी पळाल्या असत्या. आश्लेषा म्हणाली, "सो व्हॉट डू यू से?" मी एक श्वास घेतला. मग मी म्हणालो, "मी सांगतो," हे मराठीतच गेलं तोंडातून, आणि मग इंग्रजीत मानेचं सांगितलं. नऊ नंबरच्या मानेकडे बघा. तिला उडू द्या. एकीनंही तिच्याबरोबर उडी मारायची नाही. मॅडी, बॉल तुझ्याकडेच पडणार आहे, आणि तू डाव्या पायानं मारणार आहेस. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला विहिरीत उडी मारायला सांगतोय. मी म्हणालो, चुकलं तर माझं चुकलं. हे वाक्य मी त्या मैदानावर आधी कधी म्हणालो नव्हतो, शैलजाला बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या हाफला मी ओरडलो. इतकी वर्षं रेच्या आवाजाशेजारी उभा होतो, मला स्वतःचा आवाज किती मोठा आहे तेच विसरायला झालं होतं. पेठेतला आवाज, पंधरा हजार माणसांच्या गोंगाटात पलीकडच्या विंगला पोचणारा. "लीव्ह हर" म्हणायचं तिथं दोनदा "सोड, सोड तिला" गेलं, आणि मुलींना तेही कळलं. नऊ नंबर एकटीच उडत राहिली, बॉल पडत राहिले आणि तिथं आमची कुणीतरी आधीच उभी असायची. दहा मिनिटांत ट्रॉयचा कोच हातवारे करायला लागला. आणि मध्येच कधीतरी मी समोरच्या कडेकडे बघितलं. रे माझ्याकडे बघतच नव्हता. तो राजेशनं पुढं केलेल्या डब्यातून चकली घेत होता. राजेशनं माझ्याकडे बघितलं, मग रेकडे, मग परत माझ्याकडे. त्याच्या शेजारी बसलेल्या विनीतानं, मॅडीला गाडीतून मॅचला सोडणाऱ्या आमच्या शेजारणीनं, त्याला काहीतरी विचारलं. तो उठून उभा राहिला. मी ओरडलो की तो रेच्या तोंडाकडे बघायचा, तिथं चकली. असं त्यानं चार-पाच वेळा केलं. इंजिनिअर माणूस, खात्री करून घेत होता. मग मी तिकडे बघायचं सोडलं, कारण मॅडीकडे बॉल पडला होता.

तिनं डाव्या पायानं मारला. नीट बसला नाही, नडगीला लागला, पण गेला आत. एक-एक. मग शेवटच्या सहा मिनिटांत आश्लेषानं हातातला बॉल अर्ध्या मैदानापलीकडे फेकला, तिला एक सेकंद आधी दिसला होता तिथं बरोबर, तो आमच्या एकीनं जाळ्यात ढकलला, आणि दोन-एक. शिट्टी झाली तेव्हा माझा घसा पार बसला होता. मुली एकमेकींवर पडल्या होत्या. मी खाली बसून बाटल्या गोळा करायला लागलो, करण्यासारखं दुसरं काही सुचेना म्हणून.

राजेश मैदान ओलांडून आला. त्याच्यामागं हळूहळू रे, खुर्ची बगलेत. राजेश माझ्यासमोर उभा राहिला, खिशात हात घालून, जरा अवघडून. म्हणाला, "सेकंड हाफला रे माझ्या शेजारी होता."

"बघितलं मी," मी म्हणालो. माझाही आवाज आता कुजबुजण्याएवढाच निघत होता.

"एक शब्द बोलला नाही. माझ्या चकल्या संपवल्या फक्त." तो थांबला. "त्यानं मेलमध्ये लिहिलंय की एक माणूस आहे, माझ्यापेक्षा मोठ्या गर्दीसमोर खेळलेला. मला वाटलं इंग्लंडमधलं कुणी मोठं नाव असेल. शैलेश, विनीता, कमिटीतले आम्ही सगळे गूगल करत बसलो काल." रे चार पावलांवर येऊन थांबला होता आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकला होता. राजेशनं रेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यानं विचारलंच. "देवदत्त, मग आधीच्या सहा मॅचेस? त्या कुणाच्या होत्या?"

सगळं तोंडात तयार होतं. रेचंच सगळं, मी आपला निरोप्या. किती सोपं, किती गोड, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. हिंदुराव वस्तादांच्या सत्काराचं अख्खं भाषण जिभेवर येऊन बसलं. लेन नावाचा एक माणूस बस चालवत माझ्या डोळ्यांपुढून गेला. रेची नाडी बांधून झाली होती तरी तो वाकलेलाच होता.

"माझ्या," मी म्हणालो. "हरलेली पण माझीच."

राजेशनं मान हलवली. मी बाटल्यांची पिशवी खांद्याला लावली आणि त्याला विचारलं, उद्याची मीटिंग किती वाजता आहे, कारण मी येणार आहे, आणि मला बोलायचं आहे.